कारंजा (घाडगे): महामार्गावरचे गाव आणि दंडाचा हिशेब

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे गाव नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असून, पूर्वी क्रमांक ६ आणि आता क्रमांक ५३ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता हजिऱ्यापासून कोलकात्याच्या दिशेने जाणाऱ्या अवजड वाहतुकीचा एक प्रमुख मार्ग आहे. याच रस्त्याने आसपासच्या खेड्यांतील कास्तकार वावरात जातो, शाळकरी मुले तालुक्याला येतात आणि संत्र्याने भरलेले मेटॅडोर बाजाराकडे निघतात. दूरच्या प्रवासाची वेगवान वाहने आणि एक-दोन किलोमीटरच्या कामासाठी निघालेली मोटारसायकल यांना एकाच डांबरावर चालावे लागते, आणि वाहतुकीचे जे नियम शहरी वाचकाला चौकातल्या सिग्नलपुरते वाटतात, ते येथे फार वेगळ्या अर्थाने महत्त्वाचे ठरतात. या नियमांच्या भंगाबद्दल होणारा दंड सर्वांच्या तोंडी असतो. पण दंडाची रक्कम हा कायद्याच्या परिणामांतला बहुधा सर्वांत लहान आकडा असतो, ही गोष्ट मात्र फारशी ध्यानात घेतली जात नाही.

आज लागू असलेला मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. त्यातील दंडाच्या रकमा तीन दशके जवळपास तशाच राहिल्या होत्या; अनुज्ञप्ती, म्हणजे बोलीभाषेतले लायसन, नसताना वाहन चालवल्यास ५०० रुपये आणि किरकोळ नियमभंगासाठी १०० रुपये, असे त्यांचे स्वरूप होते. संसदेने २०१९ मध्ये या अधिनियमात व्यापक दुरुस्ती केली आणि दंडाच्या नव्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून देशभर अमलात आल्या. महाराष्ट्राने मात्र वाढीव रकमांची अंमलबजावणी त्या वेळी थांबवून ठेवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्याची स्वतंत्र अधिसूचना काढून नवे दर लागू केले. केंद्राच्या अधिनियमात एक रक्कम आणि प्रत्यक्ष चलानावर दुसरी रक्कम दिसते, त्याचे कारण येथे आहे. अधिनियमातील कलम २०० राज्य सरकारला ठराविक गुन्ह्यांसाठी ‘तडजोड शुल्क’ ठरवण्याचा अधिकार देते. गुन्हा मान्य करून हे शुल्क भरले की प्रकरण न्यायालयात न जाता तेथेच मिटते. सामान्य व्यवहारात ज्याला दंड म्हणतात, ते बहुतेक वेळा हे तडजोड शुल्कच असते. वाहनचालकाला गुन्हा मान्य नसेल तर शुल्क न भरता न्यायालयात आपली बाजू मांडण्याचा त्याचा हक्क अबाधित आहे. सर्वच गुन्हे अशा तडजोडीने मिटत नाहीत. मद्यप्राशन करून वाहन चालवल्याचे प्रकरण न्यायालयापुढेच जाते.

कारंजासारख्या गावात सर्वाधिक आढळणारा नियमभंग कोणता, असा विचार केला तर विनाहेल्मेट दुचाकी चालवण्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसलेली व्यक्ती, अशा दोघांनीही भारतीय मानकानुसार बनवलेले हेल्मेट घालणे, आणि त्याचा हनुवटीखालचा पट्टा नीट बांधणे बंधनकारक आहे. पट्टा न बांधता डोक्यावर ठेवलेले किंवा हँडलला लटकवलेले हेल्मेट कायद्याच्या दृष्टीने हेल्मेट नसल्यासारखेच आहे. केंद्रीय अधिनियमात यासाठी १,००० रुपये दंड असला तरी महाराष्ट्रात तडजोड शुल्क ५०० रुपये आहे. मात्र हा दंड सांगणाऱ्या कलमात, म्हणजे १९४-ड मध्ये, तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्तीस अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे, आणि ज्याची रोजीरोटी वाहन चालवण्यावर आहे, अशा माणसाला पाचशे रुपयांपेक्षा हे तीन महिने कितीतरी महाग पडतात. एका दुचाकीवर तिघे बसले, म्हणजे ज्याला सर्रास ‘ट्रिपल सीट’ म्हणतात तो प्रकार घडला, तर १,००० रुपये दंडाबरोबर हीच तीन महिन्यांची अपात्रता लागू होते. ‘इथल्या इथे तर जायचे आहे’ हे हेल्मेट न घालण्याचे ठरलेले उत्तर. परंतु महामार्गावरच्या ट्रकचालकाला समोरचा दुचाकीस्वार पुढच्या वळणावर उतरणार आहे की अमरावतीपर्यंत जाणार आहे हे ठाऊक नसते, आणि धडकेचा जोर प्रवासाच्या अंतरावर अवलंबून नसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार होते, आणि त्यांतले १४,३३७ जण चालक नव्हते, तर मागे बसलेले होते. मागे बसणारी व्यक्ती बहुधा घरातली स्त्री किंवा मूल असते, हे लक्षात घेतले म्हणजे घरात एकच हेल्मेट असणे किती अपुरे आहे ते समजते. चारचाकीत सुरक्षापट्टा न लावल्यास महाराष्ट्रात फक्त २०० रुपये आकारले जातात. ही रक्कम धोक्याच्या मानाने फारच कमी आहे.

दुसरा, आणि महामार्गालगतच्या गावांत अतिशय घातक ठरणारा नियमभंग म्हणजे विरुद्ध दिशेने वाहन चालवणे, ज्याला सगळीकडे ‘राँग साइड’ म्हणतात. चौपदरी रस्त्याच्या मधोमध दुभाजक असतो आणि तो ओलांडण्याची जागा पुष्कळदा दूर असते. त्यामुळे वावरातून निघालेला माणूस लांबचा वळसा टाळण्यासाठी कडेकडेने उलट दिशेने निघतो. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीसाठी कमाल वेग ताशी १०० किलोमीटर, तर मालवाहू वाहने आणि दुचाकींसाठी ८० किलोमीटर आहे, आणि स्थानिक फलकावर याहून कमी मर्यादा असेल तर ती पाळावी लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने उलट दिशेने जाणारी मोटारसायकल यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे ३३ मीटरने कमी होते. म्हणजे दोनशे मीटरवरून एकमेकांना पाहिले तरी दोघांच्या हाती अवघी सहा सेकंदे उरतात, आणि भरलेल्या ट्रकला थांबण्यासाठी त्यातली बरीचशी खर्ची पडतात. रात्री ट्रकच्या प्रखर दिव्यांपुढे दुचाकीचा मंद दिवा कोणत्या दिशेने येत आहे हेच चालकाला उमगत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनाची व्याख्या सविस्तर दिली असून त्यात लाल दिवा ओलांडणे, हातात मोबाइल धरून बोलणे, चुकीच्या रीतीने पुढे जाणे यांबरोबर वाहतुकीच्या प्रवाहाविरुद्ध वाहन चालवणे हेही स्पष्टपणे नमूद आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अशी शिक्षा त्यात आहे. किरकोळ सोय म्हणून या सवयीकडे पाहण्यास कायद्यात जागा नाही.

वेगमर्यादा ओलांडण्यासाठी कलम १८३ मध्ये हलक्या वाहनांना १,००० ते २,००० आणि मध्यम व अवजड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंड सांगितला असून दुसऱ्या वेळी अनुज्ञप्ती जप्त होऊ शकते. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम तळेगाव (श्यामजी पंत) जवळच्या सत्याग्रही घाटासारख्या उतारावर आणि वळणावर अधिकच कठोर होतो, कारण तेथे भरलेल्या वाहनाचे ब्रेक आधीच तापलेले असतात.

अल्पवयीन मुलांच्या हाती गाडी देण्याचा प्रश्न खेड्यात वेगळ्या प्रकारे उभा राहतो. शाळा-महाविद्यालय दूर, एसटीच्या फेऱ्या मोजक्या आणि घरात मोटारसायकल आहे, अशा स्थितीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला गाडी दिली जाते, आणि त्यात पालकांना गैर वाटत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीची अनुज्ञप्ती मिळू शकते. गिअरच्या मोटारसायकलीसाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अनुज्ञप्तीशिवाय वाहन चालवणाऱ्यास कलम १८१ खाली ५,००० रुपये आणि त्याला वाहन चालवू देणाऱ्या मालकास कलम १८० खाली आणखी ५,००० रुपये, असा दुहेरी भार सामान्यपणे पडतो. परंतु अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास २०१९ मध्ये घातलेले कलम १९९-अ लागू होते आणि ते या अधिनियमातील सर्वांत कठोर कलमांपैकी एक आहे. त्यानुसार पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. आपल्या नकळत मुलाने गाडी नेली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी येथे पालकावर टाकलेली आहे. अठराव्या वर्षी चालकाची नोकरी शोधू पाहणाऱ्या तरुणासाठी ही सात वर्षांची बंदी म्हणजे एक वाट बंद होणे होय.

या तालुक्याचे अर्थकारण संत्रा, कपाशी आणि सोयाबीन यांवर उभे असल्याने माल आणि मजूर यांची वाहतूक हा नियमभंगाचा एक वेगळाच अध्याय आहे. आंबिया बहराची संत्री साधारणपणे हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहराची उन्हाळ्याच्या आरंभी उतरतात. त्या दिवसांत क्रेट रचून भरलेली वाहने मर्यादेपेक्षा अधिक वजन घेऊन धावतात. कलम १९४ नुसार अशा जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. म्हणजे तीन टन अधिक भरलेल्या वाहनाला २६,००० रुपये मोजावे लागतात आणि जादा माल उतरवून ठेवल्याखेरीज पुढे जाता येत नाही. वजन करून देण्यास चालकाने नकार दिला तर हीच रक्कम ४०,००० रुपये होते. याहून गंभीर बाब म्हणजे कापूस वेचणीला किंवा संत्रा तोडणीला जाणाऱ्या बायांना मालवाहू वाहनाच्या उघड्या हौद्यात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे करून नेण्याची पद्धत. ट्रॉली ही मालासाठी नोंदवलेली असते. तीत धरायला काही नसते, बसायला जागा नसते, आणि ती उलटली तर माणसे तिच्याखाली येतात. मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे हा परवान्याच्या अटींचा भंग असून त्यासाठी कलम १९२-अ मध्ये १०,००० रुपये दंड व कारावासही आहे. त्याशिवाय अशा प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनी नाकारू शकते, ही गोष्ट ना मालकाला ठाऊक असते ना त्या बायांना. अंधार पडल्यावर मागे लाल परावर्तक किंवा दिवा नसलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी ठेवण्याचा दंड तुलनेने लहान असतो; पण मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारासाठी ती न दिसणारी भिंत ठरते.

विम्याचा विषय येथेच सविस्तर मांडणे योग्य ठरेल, कारण दंड आणि खरा तोटा यांतील अंतर याच ठिकाणी सर्वांत मोठे आहे. कलम १४६ नुसार प्रत्येक वाहनाला ‘तृतीय पक्ष विमा’ काढणे बंधनकारक आहे; वाहनमालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि अपघातात इजा झालेली परकी व्यक्ती हा तिसरा पक्ष, म्हणून हे नाव. विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० आणि दुसऱ्या वेळी ४,००० रुपये दंड होतो. २०२२ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा हा विमा वर्षाला ७१४ रुपये मूळ हप्ता आणि त्यावरील कर इतक्यात मिळतो. तरीही गाडी जुनी झाली की तो पुन्हा काढला जात नाही. समजा, अशा विमा नसलेल्या मोटारसायकलीच्या धडकेत महिन्याला १२,००० रुपये मिळवणारा, बायको आणि दोन मुले असलेला, तीस वर्षांचा स्वयंरोजगारी माणूस दगावला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या सूत्राने भरपाई काढते: वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये, त्यात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवून २,०१,६००, त्यातून मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा केल्यावर १,३४,४००, आणि त्या वयासाठी ठरलेला १७ हा गुणक लावल्यावर २२,८४,८०० रुपये. अंत्यविधी इत्यादींच्या रकमा याहून वेगळ्या. विमा असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. तो नसल्याने ती वाहनमालकाकडून वसूल होते, आणि ज्याच्याकडे चार-पाच एकर वावराखेरीज काही नाही, त्याच्या वावरावर जप्ती येऊ शकते. सातशे रुपयांच्या हप्त्याकडे या आकड्याच्या बाजूने पाहिले पाहिजे.

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. तरी लगतच्या नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत ती नाही, आणि महामार्ग या तिन्ही जिल्ह्यांना जोडतो, म्हणून मद्यप्राशन करून वाहन चालवण्याचा प्रश्न येथेही उरतोच. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास कलम १८५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या वेळी कारावासाची मर्यादा दोन वर्षांवर आणि दंड १५,००० रुपयांवर जातो.

दंड आकारण्याची रीतही गेल्या काही वर्षांत पालटली आहे. पोलिसांच्या हातातील यंत्रावर वाहनाचा क्रमांक टाकून छायाचित्रासह ई-चलान तयार होते आणि त्याचा संदेश नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर जातो. महामार्गावरील वेगमापक यंत्रे तर वाहन न थांबवताच ते काढतात. मोटार वाहनांच्या चलानांसाठी नागपूर येथे राज्यातील पहिले आभासी न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते सुरू झाले, आणि थकलेली चलाने राष्ट्रीय लोकअदालतीतही निकाली काढता येतात. अनुज्ञप्ती, नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा ही कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपवर दाखवली तरी ती ग्राह्य मानली जातात, हे ग्रामीण भागात अजून पुरेसे माहीत नाही. या यंत्रणेत सर्वाधिक भरडला जातो तो जुनी गाडी विकलेला माणूस. स्टॅम्प पेपरवर सही घेऊन गाडी सोपवली आणि नाव बदलण्याचे काम ‘नंतर करू’ म्हणून सोडून दिले, तर घेणाऱ्याच्या प्रत्येक चुकीचे चलान मूळ मालकाच्याच नावे निघत राहते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात असे स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक समजला जाईल, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणजे वर मांडलेल्या लाखांच्या भरपाईचा भारही त्याच्यावरच येऊ शकतो. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असा नियम आहे. वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, ज्याच्या वाहनांना एमएच ३२ हा संकेत मिळतो, नमुना २९ आणि ३० भरून हे काम होते, आणि अर्जाची सोय आता ऑनलाइनही आहे.

वाहनचालकाच्या चुकांचा इतका तपशील देणाऱ्या या कायद्याने रस्ता बांधणाऱ्यांनाही मोकळे सोडलेले नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. २०१९ मध्येच घातलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महामार्गाच्या पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा जणांचा जीव गेला, तर तो टप्पा ‘अपघातप्रवण स्थळ’ ठरतो आणि तेथे सुधारणा करणे अपेक्षित असते. उलट दिशेने जाणाऱ्या कास्तकाराला दंड झालाच पाहिजे. पण ज्या ठिकाणी शेकडो माणसे रोज तीच चूक करतात, तेथे सेवारस्ता, भुयारी मार्ग किंवा दिवे यांची उणीव आहे का, याची तपासणीही तितकीच आवश्यक आहे, आणि ती होत नसेल तर नुसत्या चलानांनी अपघात थांबणार नाहीत. महामार्गालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील धोक्याच्या जागा, तेथे घडलेले अपघात आणि त्यांच्या तारखा ग्रामसभेच्या ठरावात लेखी नोंदवून तो ठराव जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे आणि महामार्ग प्राधिकरणाकडे पाठवावा, आणि त्याची पोच जपून ठेवावी.